मदत हवी आहे: बाबांचं मेलचं खातं भरलंय, शुक्रवारच्या आत सुरू करायचंय

धायरीफाटा, मंगळवार सकाळी ९.१२
बाबांच्या मेलवर शनिवारपासून एकही मेल येत नाहीये. वर लाल पट्टी, 'तुमची जागा भरली आहे'. फोटोही त्याच जागेत साठतात, म्हणून रविवारी दुपारभर बसून सगळे फोटो काढून टाकले, तरी पट्टी हलायला तयार नाही. मोतीबिंदूच्या क्लेमची विमावाल्यांची क्वेरी त्याच मेलवर येणार आहे आणि शुक्रवारच्या आत उत्तर द्यायचंय. पैसे भरणार नाही. आधी फुकट म्हणून सवय लावायची आणि मग भाडं मागायचं, ही कसली रीत? दुसरी कुठली कंपनी चांगली आहे ते सांगा. कंपनीचं नाव लिहीत नाही, मागच्या वेळी माझा धागा उडवला होता.

पेठेतला, ९.३१
पेशंट न दाखवता औषध मागताय. फोन अँड्रॉइड की आयफोन? जागा एकूण किती, भरली किती? आणि 'सगळे फोटो काढून टाकले' म्हणजे नेमके कुठून काढले?

स्वदेशी_मावळा, ९.४०
झोहो मेल घ्या. आपल्या चेन्नईची कंपनी. ऑक्टोबर २०२५मध्ये खुद्द अमित शहांनी आपला मेल तिकडे नेल्याचं जाहीर केलं. अजून काय पाहिजे?

आयटी_हमाल, ९.५८
मावळे, झोहोच्या फुकट खात्यात ५ जीबी मिळतात. इथे फुकटचे १५ पुरत नाहीयेत. चौघांच्या डब्यात वऱ्हाड जेवू घालणार का? आणि नवीन पत्ता घेतला तरी बँक, पॅन, विमा, गॅस, सगळीकडे जुनाच नोंदवलेला आहे. तो बदलायला महिना जातो.

मुळात मेलवाल्याच्या घरी फोटो ठेवायचेच कशाला? माझ्याकडे एक जुना डेस्कटॉप होता. त्यावर विंडोजऐवजी उबुंटू (फुकट लिनक्स) टाकलं, वर इमिच, म्हणजे घरच्या घरी फोटो साठवायचं सॉफ्टवेअर, बसवलं. घरचं वायफाय लागलं की सगळ्यांच्या फोनमधले फोटो आपोआप तिकडे उतरतात. खर्च फक्त ४ टीबीच्या डिस्कचा.

एक आधीच सांगून ठेवतो. कंपनीकडून सगळे फोटो एकगठ्ठा उतरवून घेणार असाल तर प्रत्येक फोटोशेजारी येणाऱ्या बारक्या जेसन (.json) फाइली फेकू नका. ॲपमध्ये हाताने बदललेल्या तारखा फोटोत नसतात, त्या फाइलीत असतात. नंतर रडत याल.

सुपारी, १०.१५
ताई, जादा जागा १३० रुपये महिना आहे. एका मिसळीचे पैसे. भरा आणि सुटा.

पेठेतला, १०.१७
१३०ला मिसळ? पनीर घालून देतात का?

सुपारी, १०.२०
तुम्ही पेठेबाहेर कधी आला होतात शेवटचे? बाणेरला या, पावाचे वेगळे लावतात.

धायरीफाटा, ११.०५
मिसळीवर वेगळा धागा काढा प्लीज. फोन अँड्रॉइड. ४१ जीबी भरलेत असं दाखवतंय. फोटो भावाने काढले, त्या ॲपमध्येच 'जागा मोकळी करा' असं बटण आहे. फोन एकदम रिकामा झाला, पण पट्टी तशीच.

पेठेतला, ११.०९
फुकट मिळतात १५. मग ४१ भरले कसे?

धायरीफाटा, ११.२२
पूर्वी १०० जीबीचा प्लॅन घेतलेला होता ना. बँकेने बाबांचं कार्ड बदलून दिलं, त्यानंतर पैसे गेले नसतील. त्याचा इथे काय संबंध?

पेठेतला, ११.२४
त्याचाच संबंध आहे हो बाई! नवीन कार्डावर दर महिन्याची वसुली बऱ्याचदा आपोआप होत नाही, ओटीपी देऊन परवानगी नव्याने द्यावी लागते. ती कोणी दिली नाही, प्लॅन संपला आणि तुमचं छप्पर १०० वरून १५वर आलं. आता ४-५ जीबी काढून काही होणार नाही, २६ काढावे लागतील.

आणि 'पैसे भरणार नाही, तत्त्वाचा प्रश्न'? भरत होतात की!

धायरीफाटा, ११.२६
बाबा भरत होते. मला परवा कळलं.

अण्णा_कोथरूड, ११.४०
सोपं आहे. संगणकावरून खातं उघडा, सगळे फोटो निवडा, उडवा. फोनमध्ये असतीलच. मी दर दिवाळीला असंच करतो.

आयटी_हमाल, ११.४३
थांबा! काहीही उडवू नका!!

अण्णा, वरचा प्रतिसाद नीट वाचा. ते बटण फक्त फोन मोकळा करतं. जे फोटो कंपनीकडे पोचलेत तेवढे फोनमधून पुसतं. म्हणजे आता या लोकांकडे एकुलती एक प्रत कंपनीच्या ढगात आहे. ती उडवली तर गेलं सगळं. ग्राहक पंचायत घेऊन बसलात तरी परत येणार नाही.

अण्णा_कोथरूड, ११.५१
आमच्या वेळी अल्बम असायचे. जागा भरत नसे.

वकीलबाई, १२.३०
पंचायतीचा विषय निघालाच आहे म्हणून. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मोबदला देऊन सेवा घेणारा तो ग्राहक. निव्वळ फुकट खात्यावर तक्रार टिकवणं अवघड. पण तुमच्याकडे प्लॅनच्या पावत्या असतील तर त्या काळापुरते तुम्ही ग्राहक आहात. १९१५ला फोन करून बघा, राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

स्वदेशी_मावळा, १२.४१
ग्राहक चळवळ पुण्याचीच. बिंदुमाधव जोशींनी १९७४मध्ये इथेच ग्राहक पंचायत सुरू केली. आज ते असते तर या कंपन्यांची खैर नव्हती.

पेठेतला, १२.४४
बरोबर. पण शुक्रवारच्या आत?

कट्ट्यावरची, दुपारी १.१०
मेधाताई किंवा जे नाव असेल ते, आधी विमा कंपनीला फोन करा आणि क्लेमवर तुमचा स्वतःचा मेल पत्ता जोडून घ्या. शनिवारपासून ज्या मेल परत गेल्या, त्या जागा झाली की आपोआप येतील असं धरू नका. क्वेरी गेली असेल तर पुन्हा पाठवायला सांगा. नवऱ्याच्या वेळी मी हेच केलं, दहा मिनिटांचं काम.

मग जागेचं. खात्याच्या सेटिंगमध्ये जागा कशाने खाल्ली ते दाखवतात, मोठे व्हिडिओ वेगळे काढून देतात. तिथून सुरुवात करा. मेलमध्ये शोधपट्टीच्या टोकाची खूण दाबली की '१० एमबीपेक्षा मोठ्या' असं शोधता येतं. व्हॉट्सॅपचा बॅकअप पण याच जागेत धरतात, त्यात व्हिडिओ घेणं बंद करा. आणि कचरापेटी रिकामी करा, नाहीतर तिथेही जागा अडलेलीच राहते.

लिनक्सवेडा, १.३२
विंडोज १०चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला संपलेत. जुना लॅपटॉप असेल तर विंडोजच्या जागी आत्ताच लिनक्स मिंट टाका.

धायरीफाटा, १.३५
लॅपटॉपचं कोणी विचारलंय?

लिनक्सवेडा, १.३६
विचाराल तेव्हा उशीर झालेला असेल.

धायरीफाटा, बुधवार रात्री १०.४८
अपडेट. विमावाल्यांशी बोलले. क्वेरी सोमवारीच गेली होती. माझ्या पत्त्यावर पुन्हा मागवली, लेन्सचं स्टिकर असलेलं बिल हवं होतं, ते पाठवलं. कट्ट्यावरची, खूप आभार. (मी मेधा नाही.)

आता जागा. बाबा रोज तळजाई टेकडीवर फिरायला जातात. फोन शर्टाच्या खिशात, आणि खिशात रेकॉर्डिंग आपलं आपण सुरू होतं. एक व्हिडिओ ३८ मिनिटांचा निघाला. त्यात ३८ मिनिटं निळा चौकटीचा शर्ट, चपलांचा आवाज, आणि मध्येच एका काकांचं 'गुडघ्याला एरंडेल लावा'. असे ३१ व्हिडिओ. मिळून १९ जीबी. दोन वर्षं आम्ही शर्टाचं भाडं भरत होतो.

ते उडवले. व्हॉट्सॅपच्या बॅकअपमधले व्हिडिओ बंद केले, ६ गेले. मोठ्या मेल काढल्या, २ गेले. कचरापेटी रिकामी केली. आता १४वर आलंय, पट्टी गेली, मेल येतायत. एक रुपया भरला नाही. सुपारी, तुमची मिसळ वाचली.

सुपारी, १०.५५
दोन दिवसांच्या मजुरीचे किती लावले?

पेठेतला, ११.०२
१४ म्हणजे काठावर आहात. खिशातलं रेकॉर्डिंग बंद करा, नाहीतर दसऱ्याला याच धाग्यावर भेटू.

आयटी_हमाल, ११.१०
छान. पण प्रत अजून एकच आहे ना? ती दुसरीकडे घ्या. इमिच बसवायचं असेल तर मी रविवारी मोकळा आहे.

अण्णा_कोथरूड, ११.१४
इमिच-बिमिच नको. तापकीर गल्लीत जाऊन डिस्क आणा आणि कपाटात ठेवा. माझी २०१४ची अजून चालते.

आयटी_हमाल, ११.१६
शेवटची कधी लावून बघितलीत?

अण्णा_कोथरूड, ११.१९
चालते म्हटलं ना.

धायरीफाटा, रविवार सायंकाळी ६.०५
डिस्क आणली. कंपनीकडून सगळे फोटो उतरवून घेतले, झिपच्या सात फायली होत्या. भावाने उघडून फोटो तेवढे डिस्कवर घेतले. पण बाबांनी घरचा जुना अल्बम स्कॅन करून ठेवलाय, प्रत्येक फोटोला ॲपमध्ये बसून तारीख घातली होती, चार महिने खपत होते. ते सगळे आता आजच्या तारखेला पडलेत. आजीआजोबांचं लग्न १९६२चं, ते आज दुपारी २.४० ला लागलंय. तारखा परत कशा आणायच्या? फोटोंबरोबर बारक्या बारक्या कसल्यातरी हजारो फायली आल्या होत्या, त्या भावाने कचरा म्हणून उडवल्या.

आयटी_हमाल, ६.०९
मंगळवारी सकाळी ९.५८ला मी काय लिहिलं होतं?

धायरीफाटा, ६.१२
ते इमिचचं आहे म्हणून सोडून दिलं होतं.

आयटी_हमाल, ६.१४
खात्यातले फोटो अजून आहेत ना? मग सातही फायली पुन्हा उतरवा. आणि भावाला त्या वेळी मिसळ खायला पाठवा.