वायफायचे तुमचे अनुभव सांगा

सायली_म
माळा आवरताना जुना राउटर हाती लागला. उलटा केला तर खाली बाबांच्या अक्षरातली चिठ्ठी अजून चिकटलेली. वर वायफायचा पासवर्ड आणि त्याखाली, दोनदा अधोरेखित, 'दुसराही बदलला'.

त्या दुसऱ्याची गोष्ट अशी. वायफायचा पासवर्ड आम्ही पहिल्याच दिवशी बदलला होता. पण १९२.१६८.१.१ वर राउटरचं आतलं पान उघडतं ना, त्याचा पासवर्ड आला तसाच राहिला: अॅडमिन, अॅडमिन. एकदा बाबा बँकेचं पान उघडून बसले होते. म्हणाले, "अगं, इथलं कुलूप कुठं गेलं?" पत्ता अक्षर न् अक्षर बरोबर, पान हुबेहूब, फक्त कुलपाचं चिन्ह नाही. राउटरमधले डीएनएसचे आकडे, म्हणजे साइटचं नाव टाकलं की कुठे न्यायचं ते कुणाला विचारायचं हे ठरवणारे, कोणीतरी बदलले होते. पत्ता बरोबर टाकूनही आपण भलत्याच दारात! बाबांनी काही टाइप केलं नव्हतं म्हणून वाचलो. बारीक भोकात टाचणी दाबून राउटर रीसेट केला आणि त्याच रात्री दोन्ही पासवर्ड बदलले.

तुमच्याकडे काय झालं होतं? लिहा.

रानवारा
बापरे. पण बाहेरचा माणूस आत शिरला कसा?

सायली_म
रिमोट मॅनेजमेंट चालू होतं. बाहेरून कुणालाही ते पान उघडता येत होतं. आम्हाला पत्ताच नाही.

निळूभाऊ७
डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने जोडायची सोय, बंद करा आधी!! जोडलेल्या यंत्रांच्या यादीत अनोळखी फोन दिसायचा. मी तीनदा पासवर्ड बदलला, दोन दिवसांत परत हजर. मग कळलं की पिन सापडली की राउटर नवा पासवर्डही सांगून टाकतो. पिन आठ आकडी, पण तपासतो दोन तुकड्यांत आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा. म्हणजे फार तर ११,००० प्रयत्न. हे २०११ मध्येच उघड झालंय. वरच्या मजल्यावरचा मुलगा निघाला. आता भेटला की मान खाली घालून जातो, वाईट वाटतं मला.

ओवी
सायली, ती चिठ्ठी टाकू नकोस गं. माझ्याकडे आईची शिवणाची मापं आहेत अशीच, पेन्सिलीने लिहिलेली. पुसट झालीत.

सायली_म
नाही टाकत. सोलून वहीत लावली.

घारू
जुन्या प्रिंटरला दुसरं काही कळत नाही म्हणून आम्ही कितीतरी वर्षं डब्ल्यूईपी या वायफायच्या जुन्या सुरक्षेवर होतो. ते २००१ मध्येच फोडलं गेलं होतं. प्रिंटर शेवटी वायरने जोडला.

रानवारा
आम्ही नेटवर्कचं नाव लपवलं होतं. काडीचा उपयोग नाही. उलट फोन जाईल तिथे 'अमुक नेटवर्क आहेस का' अशा हाका मारत फिरतो.

मीनल_क
वायफायची सुरक्षा नव्या डब्ल्यूपीए३ वर नेली आणि घरातले बल्ब जोडलेच जाईनात. दोन दिवस डोकं धरून बसले. आता बल्ब आणि कॅमेरा पाहुण्यांच्या नेटवर्कवर, तिथे आधीचं डब्ल्यूपीए२. आमची कामाची मशीनं वेगळी. २०१६ च्या मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने असेच कॅमेरे आणि राउटर कंपनीने दिलेल्या मूळ पासवर्डांवर गिळले होते, त्यामुळे कॅमेऱ्याचाही पासवर्ड बदला, प्लीज.

घारू
@मीनल_क कॅमेरा रात्री नीट दिसतो का? घ्यायचाय.

मीनल_क
दिसतो. पण त्याची अपडेट येतात का ते आधी बघ, मग घे.

ओवी
कुकर लावून आत्ताच बदलला. आता सगळ्यांचे फोन परत जोडायचे ना?

सायली_म
आतल्या पानाचा बदललास की वायफायचा?

ओवी
आतल्या पानाचा.

सायली_म
मग नाही. फोन आहेत तसेच चालतील. आता तिथेच रिमोट मॅनेजमेंट शोध आणि बंद कर.

ओवी
सापडलं. चालूच होतं गं.