ऊस पट्ट्यातल्या गव्हावर तांबेरा आणि मावा : स्वतःच्या रानात चाचणी कशी घ्यावी?

प्रश्न : काळी माती, शिरोळ

सर्वांना नमस्कार. शिरोळ तालुक्यातील माझ्या काळ्या जमिनीत सोयाबीन निघाल्यावर मी वीस गुंठ्यांत गहू घेतो. घरी चपातीला लोकवनच हवा असतो, त्यामुळे बियाणेही घरचेच राखलेले असते. अलीकडच्या हंगामांत जानेवारीपासून पानांवर तांबूस पुळ्या दिसतात, ओंबीत मावा बसतो आणि काही ओंब्यांत दाण्याऐवजी नुसती काळी भुकटी निघते. दुकानदार बुरशीनाशक आणि कीटकनाशक एकाच पंपात घालून फवारायला सांगतात. कृषी सहायक वाण बदला म्हणतात. शेजारचे काका सांगतात की मागच्या वर्षीचे धसकट जाळले नाही म्हणून तांबेरा येतो. तिघांचाही अनुभव मोठा आहे, परंतु माझ्या रानात यांपैकी काय लागू पडते हे या रब्बीत मला स्वतः पडताळून पाहायचे आहे. रानाच्या पूर्वेला शेजाऱ्यांचा उंच ऊस उभा आहे, हेही सांगून ठेवतो. चाचणीची आखणी कशी करावी?

उत्तर : रोगशास्त्र अभ्यासक, कोल्हापूर

आपण प्रश्न फार योग्य ठिकाणी आणून ठेवला आहे. आधी धसकटाचा मुद्दा बाजूला करू. आपल्या सपाट मुलखातल्या उन्हाळ्यात गव्हाच्या तांबेऱ्याचे बीजाणू तग धरत नाहीत. डॉ. करमचंद मेहता यांच्या संशोधनातून हे स्पष्ट झाले की दक्षिणेतील निलगिरी आणि पळणी डोंगरांत काळा व नारिंगी तांबेरा वर्षभर टिकून राहतो आणि तेथून वाऱ्यापावसाबरोबर पठारावरच्या पिकात उतरतो. म्हणून धसकट जाळण्याने आपला तांबेरा थांबणार नाही, उलट जमिनीतला सेंद्रिय भाग मात्र जाईल. रोगाचे बी बाहेरून येत असल्यामुळे आपल्या हातात प्रामुख्याने वाण, पेरणीची वेळ, नत्राची मात्रा आणि अगदी गरज पडल्यास फवारणी एवढेच उरते.

काळ्या भुकटीची गोष्ट वेगळी आहे. ती काजळी असून तिची बुरशी दाण्याच्या आतच, अंकुरात लपलेली असते. घरचे बियाणे पुन्हा पुन्हा वापरल्यास ती बियाण्याबरोबर पुढच्या वर्षी जाते. उभ्या पिकावर फवारून तिचा उपयोग नाही. पेरणीपूर्वी कार्बोक्झिन अधिक थायरम या मिश्र बुरशीनाशकाची प्रति किलो बियाण्यास ३ ग्रॅम याप्रमाणे प्रक्रिया करावी आणि तरीही काजळीची ओंबी दिसली, तर ती भुकटी उडण्याआधी पिशवीत झाकून, कापून शेताबाहेर नष्ट करावी. ही प्रक्रिया चाचणीतल्या सगळ्या वाफ्यांना सारखीच द्या, कारण तिच्याविषयी आपल्याला काही शोधायचे नाही.

आता चाचणी. दुकानदारांचे आणि कृषी सहायकांचे म्हणणे एकाच वेळी तपासता येते, मात्र त्यासाठी दोन औषधे एका पंपात मिसळणे टाळावे लागेल, कारण मिश्रण फवारल्यावर उत्पन्न वाढले तरी ते तांबेरा रोखल्यामुळे की मावा गेल्यामुळे, हे कधीच कळणार नाही. तांबेरा हाच मुख्य प्रश्न धरून चार प्रकार ठेवा : लोकवन फवारणीसह, लोकवन फवारणीविना, फुले समाधान फवारणीसह आणि फुले समाधान फवारणीविना. निफाडच्या संशोधन केंद्राचा हा वाण तांबेऱ्यास प्रतिकारक असून वेळेवर आणि उशिरा अशा दोन्ही बागायती पेरण्यांसाठी शिफारस केलेला आहे, तर लोकवन तांबेऱ्याला सहज बळी पडतो. म्हणून ही जोडी चाचणीसाठी चांगली आहे.

प्रत्येक प्रकार चार वेळा घेतला की सोळा वाफे होतात. एका गुंठ्याचा एक वाफा धरल्यास सोळा गुंठे लागतात आणि उरलेले चार गुंठे पाट, वाटा व कडेच्या पट्ट्यांसाठी राहतात. पूर्वेकडच्या उसाचा विचार आपण केलाच पाहिजे. त्याच्या सावलीत सकाळचे दव उशिरापर्यंत टिकते आणि तांबेऱ्याचा बीजाणू रुजण्यासाठी पानावरचा ओलावाच लागतो, त्यामुळे उसाजवळच्या पट्ट्यात रोग साहजिकच अधिक असू शकतो. यासाठी उसाला समांतर असे उत्तर-दक्षिण चार पट्टे पाडा आणि प्रत्येक पट्ट्यात चारही प्रकार एकेकदा येतील अशी रचना करा. पट्ट्यातला क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. आपल्याला चांगला वाटणारा वाण नकळत चांगल्या जागी पडण्याची शक्यता चिठ्ठीमुळे राहत नाही. सगळी लोकवन उसाकडे आणि सगळा नवा वाण मोकळ्या बाजूला पेरला, तर आपण वाणांची नव्हे, सावलीची तुलना केली असे होईल.

पेरणी १५ नोव्हेंबरच्या आत, एकाच दिवशी, २२.५ सेंटिमीटर अंतरावर करा. नत्र शिफारशीपेक्षा वाढवू नका, त्याने तांबेरा आणि मावा दोघांनाही कोवळी पाने मिळतात. प्रोपिकोनॅझोल २५ ईसी हे बुरशीनाशक लिटरला १ मिली या प्रमाणात, पहिल्या पुळ्या दिसताच, वारा शांत असताना फवारा आणि शेजारच्या वाफ्याकडे ताडपत्री आडवी धरा. बिनफवारणीच्या वाफ्यांत तितकेच साधे पाणी फवारावे, म्हणजे पायतुडवणी आणि ओलावा सगळीकडे सारखा राहील.

उत्तर : मळ्यातली, कागल

मावा चाचणीबाहेर ठेवायचा म्हणजे त्याकडे दुर्लक्ष करायचे असे नव्हे, एवढे जोडावेसे वाटते. जवळ मका किंवा ज्वारी असेल तर मावा तिथून कडेच्या ओळींवर आधी उतरतो, म्हणून पाहणी बांधाला लागून न करता वाफ्याच्या मधोमध करावी. ढालकिडे, त्यांच्या अळ्या आणि सिरफिड माशीच्या अळ्या दिसत असतील, तर थोडे थांबावे. माझ्याकडे बरेचदा फवारणीशिवाय भागते. मावा फारच वाढला आणि कीटकनाशक फवारणे भाग पडले, तर ते सोळाही वाफ्यांवर एकाच दिवशी फवारा. काही वाफ्यांवर फवारून काही सोडले की तांबेऱ्याची तुलना बिघडते. आमच्या भागात अनेकजण खपली गहू घेतात. त्यावर तांबेरा क्वचित दिसतो, पण मळणीत दाण्यावरची साल सुटत नसल्याने ती काढण्याचे काम वेगळे करावे लागते. पुढच्या हंगामात जागा झाली, तर खपलीचाही एक प्रकार ठेवून पाहा.

काळी माती, शिरोळ

दोघांचेही आभार. दोन शंका राहिल्या आहेत. पानावरचा रोग कमी की जास्त हे नजरेने सांगताना माझाच कल त्यात उतरेल, ही भीती वाटते. आणि शेवटी वजन कसे धरायचे?

उत्तर : रोगशास्त्र अभ्यासक, कोल्हापूर

ही भीती रास्त आहे आणि त्यावर उपाय आहे. वाफ्यांना फक्त क्रमांक द्या, कोणत्या क्रमांकात काय आहे हा कागद घरी ठेवा आणि शक्य असल्यास नोंद घरातल्या दुसऱ्या व्यक्तीकडून करून घ्या. रोग दिसू लागल्यापासून आठवड्यातून एकदा, प्रत्येक वाफ्यात तिरके चालत दहा फुटवे निवडून ओंबीखालच्या शेवटच्या पानावर पुळ्यांनी किती भाग व्यापला ते टक्क्यांत लिहा. संशोधन केंद्रांत यासाठी कॉबची सुधारित श्रेणी, म्हणजे पानावर किती रोग आहे हे दाखवणाऱ्या चित्रांचा तक्ता, वापरतात. त्या चित्रात पानाचा प्रत्यक्षात सुमारे ३७ टक्के भाग व्यापला की शंभर गुण धरले जातात, म्हणून तो तक्ता समोर ठेवूनच अंदाज करावा. पुळ्या लहान आणि भोवती पिवळे वलय असलेल्या आहेत की मोठ्या व भुरभुरणाऱ्या, हेही लिहून ठेवा, कारण वाणाचा प्रतिकार त्यातूनच समजतो. एकदाच पाहून लिहिलेल्या आकड्यापेक्षा दर आठवड्याची वाढ जास्त बोलते. उशिरा आलेला तांबेरा दाणा भरून झाल्यावर फारसे नुकसान करत नाही.

वजनासाठी वाफ्याच्या कडेच्या ओळी सोडून मधले ५ मीटर बाय ५ मीटर क्षेत्र वेगळे कापा, वेगळे मळा आणि दाणे सारखेच वाळवून तोला. त्या किलोला १६२ ने गुणले की एकरी उत्पन्न मिळते. मग प्रत्येक पट्ट्यात त्याच वाणाच्या फवारलेल्या आणि न फवारलेल्या वाफ्यांतला फरक काढा. लोकवनमध्ये चारही पट्ट्यांत फरक एकाच दिशेने दिसला, तर त्याला वजन आहे. दोन पट्ट्यांत वाढ आणि दोन पट्ट्यांत घट आली, तर फवारणीच्या बाजूने काही म्हणता येणार नाही. लोकवनमध्ये फरक ठळक असून फुले समाधानमध्ये तो जवळजवळ नसेल, तर आपल्या रानापुरते कृषी सहायकांचे म्हणणे खरे ठरते आणि फवारणीचा खर्च वाचतो. फक्त एवढे करा की एका हंगामावर निर्णय पक्का करू नका. कोरड्या थंडीच्या वर्षी तांबेरा उतरलाच नाही, तर सोळाही वाफे सारखेच दिसतील, आणि त्या वर्षीच्या वजनावरून फवारणीविषयी काहीच ठरवता येणार नाही. त्या परिस्थितीत हीच आखणी, नव्या चिठ्ठ्या टाकून, पुढच्या रब्बीत पुन्हा घ्यावी लागेल.