मदत हवी आहे: लोकसभा प्रचाराची जुनी कागदपत्रं कुठे द्यावीत?

नौपाडाकर:
आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीये, महिनाअखेर घर रिकामं करायचंय. माळ्यावर आजोबांची ट्रंक आहे, प्रचाराच्या कागदांनी गच्च भरलेली. रद्दीत घालायची नाही म्हणजे नाही. कोण घेईल? लवकर सांगा.

खाडीकाठ:
कुठलं साल? उमेदवार कोण? आजोबा स्वतः उभे होते की कार्यकर्ते? त्यावर सगळं ठरतं.

घोडबंदर४२:
सरळ लॅमिनेट करून टाका. वडिलांची सर्टिफिकिटं मी तशीच टिकवलीत.

दप्तरदार:
कृपा करून लॅमिनेशन नको! गरम प्लास्टिक एकदा कागदाला चिकटलं की कागद फाटल्याशिवाय निघत नाही. सेलोटेपही नको. गंजलेल्या टाचण्या तेवढ्या हलक्या हाताने काढा. कसर लागलीय का?

नौपाडाकर:
थोडी लागलीय. अहो, १९७७ ची निवडणूक, आपल्या ठाण्यातले जनता पक्षाचे उमेदवार रामभाऊ म्हाळगी यांची! आजोबा इथली प्रचारकचेरी सांभाळायचे. सायक्लोस्टाइल पत्रकं, मतदारयाद्या, खर्चाच्या वह्या, रुपया-रुपयाच्या वर्गणीची पावतीपुस्तकं. पावतीच्या एका स्थळप्रतीवर, म्हणजे पुस्तकात राहणाऱ्या अर्ध्या भागावर, नावाच्या जागी नुसतं 'दूधवाला' लिहिलंय. रामभाऊंच्या सहीची काही पत्रंही आहेत.

जुनं_ठाणं:
वा! तेव्हा काँग्रेसचं चिन्ह गाय-वासरू आणि जनता पक्ष लढला लोकदलाच्या नांगरधारी शेतकऱ्यावर. तिकडे उत्तर मुंबईत जनता पक्षाच्याच मृणालताई गोरे, पाण्याच्या आंदोलनांमुळे 'पानीवाली बाई'; 'दिल्लीवाली बाई' म्हणजे इंदिरा गांधी. 'पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में' ही घोषणा आम्ही पोरं घसा बसेपर्यंत द्यायचो. रामभाऊ तर ८० च्या काँग्रेस लाटेतही ठाण्यातून परत निवडून आले.

खाडीकाठ:
मग उत्तनच्या रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनीला आधी विचारा. त्यांच्याच नावाची संस्था आहे.

वाशीकर:
मला नाही पटत. एका विचाराच्या संस्थेत कागद गेले की बाकीचे अभ्यासक तिकडे फिरकत नाहीत. दिल्लीला तीन मूर्तीत पाठवा, पंतप्रधान संग्रहालयाच्या ग्रंथालयात नेत्यांचे खाजगी कागद असतात.

खाडीकाठ:
आणि ठाण्याच्या पोराने दूधवाल्याची पावती बघायला दिल्ली गाठायची? १८९३ पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे आपल्या गावात. तिथे विचारून बघा.

कळवेकर:
घर बदलताय तर मतदारयादीत पत्ताही बदलून घ्या. फॉर्म ८ ऑनलाइन भरता येतो.

नौपाडाकर:
ते बघतो नंतर. मी सगळे कागद तारखेप्रमाणे लावायला घेऊ का?

दप्तरदार:
मुळीच नको. आजोबांनी ज्या क्रमाने ठेवलेत तोच क्रम राहू द्या. कुठली पावती कुठल्या वहीला लागून होती यावरून कचेरीचं काम कसं चालायचं ते कळतं. निवडणूक अधिकाऱ्याकडे गेला तो उमेदवाराचा एकूण हिशेब, पण गल्लीतला रुपया या वहीतच सापडणार. जिथे द्याल तिथे दोन गोष्टी लेखी घ्या: कागद कोणालाही बघता येतील आणि तुम्हाला स्कॅन मिळेल.

नौपाडाकर:
पाकिटांवर वॉर्डांची नावं आहेत, ती तशीच ठेवतो. उद्या ग्रंथसंग्रहालयात जातो, नाहीच जमलं तर उत्तन. आधी पत्रांचं स्कॅनिंग. ठाण्यात कुठे होईल?

घोडबंदर४२:
आमचा लॅमिनेशनवाला स्कॅनही करतो, स्टेशनजवळ.

दप्तरदार:
चालेल, पण कागद आत ओढून घेणारं मशीन नको. एकेक कागद काचेवर ठेवायला लावा आणि स्वतः शेजारी उभे राहा.