मदत हवी आहे: जुन्या घरातल्या बंद फायरप्लेस उघडाव्यात, बदलाव्यात की बुजवाव्यात?

परसदार

नमस्कार मंडळी. लीड्समध्ये आम्ही एक टेरेस्ड घर घेतलंय, साधारण १९०० च्या आसपास बांधलेलं. दोन्ही बाजूंना शेजारी, मधल्या भिंती सामाईक. घरात चार फायरप्लेस आहेत आणि एकही चालू नाही. हौस भरपूर आहे, माहिती शून्य. इथे युकेतले बरेच जण आहेत म्हणून विचारतेय.

पुढच्या खोलीत बिडाची जुनी फायरप्लेस आहे. दोन्ही अंगांना रंगीत टाइल्स आहेत, आणि कुणा महाभागाने बीड आणि टाइल्स सगळ्यावर सरसकट पांढरा ऑइलपेंट फासून ठेवलाय. आत मागच्या बाजूला भाजक्या मातीची जी पाठ असते ती मधोमध तडकली आहे. फट चांगली रुंद आहे, आत नाणं जाईल इतकी.

खरी डोकेदुखी मागच्या खोलीत आहे. तिथे पूर्वी गॅस फायर होती म्हणतात. ती काढली आणि तोंडावर बोर्ड ठोकून दिला. टकटक केलं की पोकळ वाजतं. चिमणीचा जो भाग खोलीत पुढे आलेला असतो, त्याच्यावर छताजवळ पिवळट-तपकिरी ओल येते. रंग दिला की काही आठवड्यांत डाग पुन्हा हजर. गंमत म्हणजे पाऊस नसला तरी कुंद हवेच्या दिवसांत डाग जास्त गडद दिसतो.

वरच्या दोन बेडरूममध्ये अगदी छोट्या फायरप्लेस आहेत, त्यांत वर्तमानपत्रं कोंबलेली. छपरावर मातीची चार नळकांडी दिसतात. दोनांवर टोपणं आहेत, दोन आभाळाकडे आ वासून.

एक बिल्डर म्हणाला, "सगळं पाडून टाका, खोल्या मोठ्या होतील." दुसरा म्हणाला, मागच्या खोलीत स्टोव्ह सरकवतो, पाईप वर चिमणीत सोडतो, दुपारपर्यंत काम खलास. दोघांवरही विश्वास बसत नाहीये.

माझ्या मनात असं आहे: पुढे उघड्या फायरप्लेसमध्ये सणासुदीला जाळ करावा, मागे लाकडाचा स्टोव्ह बसवावा, वरच्या दोन नुसत्या शोभेला ठेवाव्यात. सासूबाई साताऱ्याहून हिवाळ्यात येणार आहेत, त्यांना इथली थंडी सोसत नाही, म्हणून जरा घाई आहे. सुरुवात कुठून करू? कोणाला बोलावू?

वीटकरी

घाई बाजूला ठेवा. आणि आधी एक वचन द्या: भिंतीत काय आहे हे कळेपर्यंत त्या घरात हौसेखातर काडीसुद्धा ओढायची नाही.

कारण सांगतो. त्या काळातल्या कितीतरी घरांत नंतर फायरप्लेसच्या मागे पाणी तापवायची टाकी बसवली गेली, तिला बॅक बॉयलर म्हणतात. आपल्या बंबाचाच भाऊबंद, फक्त भिंतीत दडलेला. पुढे सेंट्रल हीटिंग आलं तेव्हा टाकी उपटण्याचा खर्च वाचवायला अनेकांनी नुसते पाईप कापून टोकं बंद केली. आत पाणी राहिलं तर राहिलं. मग पुष्कळ वर्षांनी नवा मालक हौसेने जाळ करतो, पाण्याची वाफ होते, वाफेला वाट नसते आणि टाकी बॉम्बसारखी फुटते. ब्रिटनमध्ये यात माणसं दगावली आहेत. मी घाबरवत नाहीये, पण तुमच्या "पोकळ वाजतं" या वाक्यावर माझं वाचन थांबलं.

बोर्डाबद्दलही तेच. स्वतः भोक पाडू नका, करवत लावू नका. १९६०-७० च्या दशकांत फायरप्लेस बुजवायला ॲस्बेस्टॉसचे बोर्ड सर्रास वापरत. या देशात ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आली ती १९९९ मध्ये. साधा हार्डबोर्ड निघाला तर उत्तम, पण ते नमुना तपासूनच ठरवायचं.

आणि गॅस फायर गेली म्हणून गॅसचा पाईपही गेला असं समजू नका. तो नीट बंद केलाय का हे गॅस सेफ नोंदणी असलेल्या माणसाकडून बघून घ्या.

शेफील्डकर

+१. पहिल्या बिल्डरला मात्र कायमचा नारळ द्या. टेरेस्ड घरात चिमणी ही तुमची एकट्याची मालमत्ता नसते. छपरावरचं धुराडं बहुतेक वेळा शेजाऱ्याबरोबर सामाईक असतं. खालच्या मजल्यावरचा भाग पाडला तर वरच्या विटांचं वजन कशावर पेलायचं याचं उत्तर स्ट्रक्चरल इंजिनिअरने द्यायचं असतं. त्यासाठी बिल्डिंग कंट्रोलची, म्हणजे बांधकामाचे नियम तपासणाऱ्या यंत्रणेची, मंजुरी लागते, आणि सामाईक भिंतीला हात लागत असेल तर १९९६ च्या पार्टी वॉल कायद्याखाली शेजाऱ्याला नोटीससुद्धा. खाली पाडलेली आणि वर तशीच लटकत ठेवलेली चिमणी मी पाहिली आहे. बघून पोटात गोळा येतो.

ओली_भिंत

ओल हा माझा विषय (नाव बघा 😄). कुंद हवेत डाग गडद होतो, हे तुम्ही टिपलंत ते महत्त्वाचं.

शंभर वर्षं कोळसा जळला की काजळीतले क्षार विटांमध्ये आणि गिलाव्यात मुरतात. हे क्षार हवेतली आर्द्रता ओढून घेतात. म्हणून पाऊस नसतानाही भिंत ओली दिसते आणि वर कितीही रंग फासला तरी डाग बाहेर येतो. तो गिलावा काढावा लागेल. नवा करताना चुन्याचा करून घ्या. बांधकाम चुन्यातलं आहे, त्यावर जिप्समचं प्लास्टर मारलं की तेच क्षार ओल धरून पुन्हा पुढे येतात.

पण सगळा दोष क्षारांच्या माथी मारू नका. दोन नळकांडी उघडी आहेत म्हणजे पाऊस थेट आत पडतोय. शिवाय चिमणी छपराला जिथे भिडते तिथला शिशाचा पत्रा आणि नळकांड्यांच्या बुडाशी असलेला मसाला, दोन्ही तपासून घ्या. छपरावर माणूस चढणारच असेल तर एकाच मचाणावर सगळं उरका, कारण मचाणाचाच खर्च मोठा असतो.

बंद चिमणीचा नियम सोपा आहे: वर पाऊस अडवणारी पण हवा जाऊ देणारी टोपी, खाली तोंडाशी जाळी. दोन्हीकडून हवा खेळली पाहिजे. बेडरूममधली वर्तमानपत्रं काढा. थंड वारा येतो म्हणून काही कोंबायचंच असेल तर लोकरीचे बोळे मिळतात, ते थोडी हवा जाऊ देतात. चिमणी वरखाली गच्च बंद केली की आत पाणी सुटतं.

पाचगणीवाला

युकेचं मला काही कळत नाही. पण आमच्याकडे महाबळेश्वर-पाचगणीच्या साहेबी बंगल्यांतही फायरप्लेस आहेत. महाबळेश्वरचा पाऊस म्हणजे वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर. जांभ्याच्या भिंती, वर उघडी चिमणी, मग विचारूच नका. पावसाळ्याआधी चिमणीवर पत्रा ठोकतात आणि थंडीत तो काढायचा राहून जातो. मग कोणीतरी पाहुणा शेकोटी पेटवतो आणि सगळं बिऱ्हाड खोकत व्हरांड्यात! तेव्हा टोपणं असलेल्या त्या दोन नळकांड्या कुठल्या फायरप्लेसच्या, हे आधी शोधा.

वीटकरी

पाचगणीवाले, मुद्दा लाखमोलाचा. एकेका फायरप्लेसचं स्वतंत्र धुराडं असतं आणि ती सगळी शेजारी शेजारी वर जातात. मधे जेमतेम अर्ध्या विटेची भिंत. आतून चुन्याचा लेप असतो, त्यात त्या काळी गाईचं शेणही मिसळत. तो लेप झडला आणि सांधे पोकळ झाले की तुमच्या दिवाणखान्यातला धूर वरच्या बेडरूममध्ये निघतो, किंवा थेट शेजाऱ्याकडे. धूर निदान दिसतो. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नाही, रंग नाही.

म्हणून सगळ्यात आधी चिमणी साफ करणारा माणूस बोलवा, म्हणजे स्वीप. त्याला ब्रश फिरवायला सांगा आणि नंतर धुराची चाचणी करायला सांगा. खालून धुराची गोळी पेटवतात, तोंडं बंद करतात आणि धूर घरात कुठे कुठे झिरपतो ते बघतात. वरच्या खोल्या, माळा आणि जमल्यास शेजाऱ्यांची खोलीसुद्धा. जॅकडॉ या छोट्या कावळ्यांचं घरटं निघण्याची तयारी ठेवा. त्यात पिल्लं असतील तर थांबावं लागेल, १९८१ च्या वन्यजीव कायद्याने वापरातलं घरटं हलवता येत नाही.

शेफील्डकर

आता कायद्याचं. लीड्सचा बराच भाग धूर-नियंत्रण क्षेत्रात येतो, तुमचा पत्ता कौन्सिलच्या नकाशावर बघा. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर जे धुरकं बसलं, त्यानंतर १९५६ मध्ये क्लीन एअर ॲक्ट आला, तिथून ही क्षेत्रं सुरू झाली. अशा भागात उघड्या फायरप्लेसमध्ये लाकूड जाळता येत नाही, मान्यताप्राप्त धूररहित इंधनच चालतं. लाकूड हवं असेल तर या नियमातून सूट मिळालेला स्टोव्हच लागतो. धुराड्यातून धूर सोडल्याचा दंड १७५ ते ३०० पाउंड. म्हणजे सणासुदीला ओंडके पेटवण्याचं तुमचं चित्र कदाचित पुसावं लागेल.

साधा दगडी कोळसा इंग्लंडमध्ये २०२१ ते २०२३ या काळात टप्प्याटप्प्याने विक्रीतून गेला. लाकडाची छोटी खेप घेतली तर त्यात ओलावा २० टक्क्यांच्या आत हवा.

दुसऱ्या बिल्डरचा "पाईप वर सोडतो" हा प्रकार विसरा. एवढ्या जुन्या धुराड्यात स्टेनलेस स्टीलचं लायनर, म्हणजे आतली अस्तर-नळी, वरपासून खालपर्यंत घालणंच शहाणपणाचं. नुसतं लाकूड जाळणार असाल तर ३१६ प्रतीचं चालतं. धूररहित कोळसाही जाळायचा असेल तर ९०४ प्रतीचं घ्या, कारण त्या इंधनातली आम्लं साधं लायनर खातात. काम हेटास (लाकूड-कोळशाचे स्टोव्ह बसवणाऱ्यांची नोंदणी करणारी संस्था) नोंदणीकृत माणसाकडून करून घ्या, तो प्रमाणपत्र देतो. घर विकताना वकील तो कागद मागतो. स्टोव्ह बसवला की त्याच खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सक्तीचा आहे. आणि ताकदीचा हव्यास नको. लहान खोलीला ५ किलोवॅटच्या आतला पुरतो. त्याच्या वर गेलात की हवेसाठी भिंतीत कायमचा झरोका पाडावा लागतो आणि थंडी त्यातूनच आत येते.

निखारा

सगळे कसं करायचं ते सांगताहेत, मी विचारते कशाला? उघड्या फायरप्लेसमध्ये इंधनाची वीस-तीस टक्केच उष्णता खोलीत येते, बाकी सगळी वर जाते. जाताना खोलीतली गरम हवाही ओढून नेते. स्टोव्ह सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत जातो हे खरं, पण घरातले बारीक कण वाढतात ते वाढतातच. या देशातल्या सूक्ष्म कणांच्या प्रदूषणात घरगुती लाकूड जाळण्याचा वाटा मोठा आहे. घरात दमा कोणाला आहे का?

परसदार

सगळ्यांचे खूप आभार. निखारा, तुमचा प्रश्न नेमक्या जागी लागला. सासूबाईंना दमा आहे, आणि ज्यांच्यासाठी ऊब करायची त्यांनाच खोकला लावायचा याला अर्थ नाही. नवरा हिरमुसलाय, पण मागच्या खोलीतला लाकडाचा स्टोव्ह रद्द. तिथे विजेचा हीटर, आणि चिमणीला वरखाली हवा.

बोर्डाचा नमुना तपासून घेतला, हार्डबोर्ड निघाला. तो रीतसर काढल्यावर आत टॉर्च मारला तर वीटकरी म्हणाले तसंच! मागे बिडाचा ठोकळा, त्यातून दोन पाईप आलेले, दोन्हीची टोकं चेपून बंद. पाणी आहे की नाही कळत नाही. कुणीच हात लावलेला नाही. प्लंबर आणि गॅसवाला दोघांनाही बोलावलंय.

आता पुढच्या खोलीचं बोलूया. स्वीप येऊन धुराची चाचणी करेल. पास झाली तर धूररहित कोळशावर अधूनमधून जाळ, तोही सासूबाई साताऱ्याला परतल्यावर. मागची पाठ तडकली आहे ती बदलावीच लागेल का? आणि तो पांढरा पेंट कसा काढू?

वीटकरी

तुमचा ठोकळा काढता आला तर उत्तमच. नाही जमलं तर प्लंबर तो रिकामा करून त्याला भोक पाडून ठेवेल, म्हणजे आत कधीच दाब साठणार नाही. कागदावर लिहून घ्या, पुढच्या मालकासाठी.

पाठीचं असं आहे: केसाएवढी चीर असेल तर फायर सिमेंट भरून चालतं, नाणं जाईल इतकी फट म्हणजे पाठ बदला. या पाठी अजूनही मिळतात, बऱ्याचदा दोन तुकड्यांत. खालचा तुकडा उभा करायचा, त्याच्या पाठीमागे पन्हळी पुठ्ठा टेकवायचा आणि मग उरलेल्या पोकळीत व्हर्मिक्युलाइटचा (उष्णता सोसणारं खनिज) हलका मसाला भरायचा. पहिल्या काही जाळांत पुठ्ठा जळून जातो आणि त्याच्या जागी बारीक फट राहते. पाठ तापून फुगते तेव्हा तिला ती जागा लागते. पुठ्ठा विसरणारे गवंडी पुष्कळ आहेत, तेव्हा उभं राहून बघा. आणि पहिला मोठा जाळ घाईने करू नका. मसाला सुकू द्या, मग लहान लहान जाळ.

पेंट: जुन्या थरांत शिसं असणार असंच धरून चाला. कोरडा घासू नका, हीट गन नको. बिडाला एकाच जागी उष्णता लागली तर तडा जातो आणि शिशाची वाफ नाकात जाते ती वेगळीच. पेंट काढायची लेपासारखी पेस्ट मिळते, ती थापून वरून झाकून ठेवायची आणि ओलीच खरवडायची. टाइल्सवर लाकडी किंवा प्लास्टिकची पट्टीच वापरा. सासूबाई असताना हे काम काढू नका, मुलं असतील तर तीही दुसऱ्या खोलीत. मग बीड वायर ब्रशने घासून काळं ग्रॅफाइट पॉलिश लावा. बिडाला पाणी लावलंत तर त्याच दिवशी पूर्ण कोरडं करा, एका रात्रीत तांबूस गंज धरतो. टाइल्सना आधी टेप लावा, कारण सांध्यात गेलेलं काळं पॉलिश नंतर निघत नाही.