नशा करणाऱ्याला कैदेत टाकण्याचा अधिकार सरकारला आहे का?

खाडीपट्टा (धागाकर्ता)

2023 च्या ऑगस्टमध्ये दापोली आणि श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटे लाटांबरोबर वाहून आली, तेव्हा पोलीस आणि कस्टमचे लोक पुळणीवर गस्त घालत होते. त्या दिवसांत जेट्टीवर झालेल्या बोलण्यांतून एक प्रश्न माझ्या मनात राहिला आहे. समुद्रातून माल आणणारा गुन्हेगार आहे, याबद्दल माझा वाद नाही. परंतु स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या खोलीत, दुसऱ्या कोणाला इजा न करता नशा करणाऱ्या प्रौढ माणसाला कैदेत टाकण्याचा नैतिक अधिकार सरकारला कोठून मिळतो?

1985 च्या एनडीपीएस कायद्याचे, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याचे, कलम 27 केवळ सेवनासाठी शिक्षा सांगते : हेरॉइन, कोकेन अशा पदार्थांसाठी एक वर्षापर्यंत, इतरांसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद. हाच कायदा गांजाच्या व्याख्येतून नुसती पाने वगळतो, म्हणून भांग त्याच्या कक्षेबाहेर राहते आणि त्याच झाडाचा शेंडा बाळगणारा आरोपी ठरतो. दारूचे दुकान तर सरकारच्याच परवान्याने चालते. 1893-94 मध्ये इंग्रज सरकारनेच नेमलेल्या आयोगाने भांग-गांजाच्या माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही असे नोंदवून संपूर्ण बंदीची शिफारस टाळली होती. मग आजची रेषा आरोग्याने आखली आहे की सवयीने?

आपल्या किनाऱ्याला याचा जुना अनुभव आहे. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर माडावरचा कर चढत गेला आणि माडी काढणाऱ्या भंडाऱ्यांच्या पिढीजात धंद्यावर गदा आली. लोकांचे पिणे त्यामुळे थांबले नाही. कोणी काय प्यावे आणि त्याचा पैसा कोणाकडे जावा, एवढेच सरकारने ठरवले.

माडाची सावली

मी एकतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले, त्यामुळे आपल्या मांडणीतील ‘दुसऱ्या कोणाला इजा न करता’ या शब्दांपाशी मला थांबावे लागले. असा माणूस मी आमच्या वाडीत अद्याप पाहिलेला नाही. ट्रॉलरवर जाणाऱ्या खलाशाच्या हिश्शाचे पैसे घरी पोहोचण्याआधीच संपले की इजा कोणाला होते, हे किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीत वाचता येते.

माझा एक विद्यार्थी मुंबईला कामाला गेला आणि एका गणपतीत घरी आला तो गर्दची, म्हणजे ब्राउन शुगरची, सवय घेऊन. पहिली पुडी त्याने स्वेच्छेने घेतली असेल, हे मी मान्य करते. परंतु ज्या दिवशी त्याने आईची पाटली विकली, त्या दिवशी तो स्वतंत्र होता असे आपण म्हणू शकाल का? व्यक्तिस्वातंत्र्याची बाजू घेणारे जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंताचा दाखला देतात. मद्यबंदीला विरोध करणाऱ्या त्याच मिलने, माणसाला स्वतःला गुलाम म्हणून विकण्याचे स्वातंत्र्य असू शकत नाही, असेही लिहिले आहे. गर्द ही तशीच विक्री आहे, फक्त ती एका दिवसात होत नाही.

कचेरीवाट

मी वकिली करतो, म्हणून कायद्यातील एक तरतूद समोर ठेवतो. कलम 64-अ असे सांगते की सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेण्यास तयार असेल, तर त्याच्यावर खटला चालवता येत नाही. त्याने उपचार अर्धवट सोडल्यास ही सूट काढून घेता येते. म्हणजे कायद्याने स्वतःच व्यसनाला काही अंशी आजार मानले आहे. ही तरतूद उपयोगी पडण्यासाठी मात्र आरोपीला ती कोणीतरी सांगावी लागते, आणि उपचाराची जागा एस.टी.ने जाऊन येता येईल इतकी जवळ असावी लागते. माझ्याकडे आलेल्या बहुतेकांना या दोन्हींपैकी काहीच मिळालेले नव्हते. गरीब माणूस गुन्हा कबूल करून मोकळा होतो आणि ती नोंद त्याच्या नावावर राहते.

पोर्तुगालने 2001 पासून दहा दिवसांच्या वापराइतका साठा बाळगणे हा फौजदारी गुन्हा मानणे थांबवले. बंदी तेथे कायम आहे. फक्त पकडलेला माणूस कोर्टात न जाता समुपदेशन करणाऱ्या समितीपुढे जातो.

भरतीओहोटी

पोर्तुगालबरोबर ऑरेगनही सांगावे. अमेरिकेतील त्या राज्याने 2020 च्या मतदानाने असाच बदल केला आणि 2024 मध्ये तो मागे घेतला, कारण उपचाराची व्यवस्था उभी राहण्याआधीच शिक्षेचा धाक गेला आणि उघड्यावरची नशा लोकांना असह्य झाली. माझी स्वतःची बोट आहे. नशेतला एक माणूस दोरखंडात अडकला, तर बोट चालवणाऱ्या तांडेलासह सगळ्यांचा जीव धोक्यात येतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद 47 मध्ये अपायकारक मादक पदार्थांची बंदी हे राज्याचे कर्तव्य म्हटले आहे, आणि आपल्या राज्यात गावातील बायका मतदान करून दारूचे दुकान बंद करू शकतात. स्वातंत्र्य एकट्या माणसाचे असते, तसे ते गावाचेही असते.

खाडीपट्टा

ऑरेगनचा मुद्दा मला मान्य करावा लागेल; दवाखाना उभारल्याशिवाय तुरुंगाचे दार काढणे हा माणसाला वाऱ्यावर सोडण्याचा प्रकार आहे. बोटीवर नशेत चढणाऱ्याला शिक्षा व्हावी, हेही मान्य, कारण तेथे इजा इतरांना आहे. परंतु बंदीमुळे होणारी इजा आपण हिशेबात धरत नाही. जून 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली, आणि तेथे तर संपूर्ण दारूबंदीही नव्हती. उजेडात जे विकले जात नाही, त्यात काय मिसळले आहे हे पिणाऱ्याला कधीच कळत नाही. चंद्रपूरची दारूबंदी 2015 मध्ये लागली आणि 2021 मध्ये उठवताना सरकारने अवैध दारूचेच कारण पुढे केले.

बाई, गुलामीचा आपला दाखला माझ्या मनाला लागला आहे. तरीही गुलामाला सोडवायचे असेल, तर बेडी त्याच्याच हातात का पडावी?

माडाची सावली

कारण त्या वेळी दुसरे काहीच हाताशी नव्हते. पोलिसांनी त्या मुलाला पकडून नेले, तेव्हा त्याच्या आईने मला सांगितले की बऱ्याच महिन्यांनी ती पहिल्यांदा रात्रभर झोपली होती. तो सुटून आला आणि दोन महिन्यांत पुन्हा गर्दकडे वळला. म्हणजे तुरुंगाने त्याला बरे केले नाही, हे मला आपल्याइतकेच स्पष्ट दिसते. वकीलसाहेबांनी सांगितलेले कलम त्या वेळी आम्हाला ठाऊक असते, तर मी स्वतः त्याला घेऊन रत्नागिरीला गेले असते. परंतु उपचाराची सोय नाही आणि कैदही नको, असा काळ मधे येणार असेल, तर त्या काळात त्याच्या आईने दाराला कडी लावून आत बसावे की बाहेर, हे मला कोणीतरी सांगावे.