मदत हवी आहे : हँडल काढलेल्या झेनचं उजवं दार उघडत नाही

नमस्कार मंडळी. वडिलांनी घेतलेली १९९८ ची मारुती झेन आहे. चारही दारांची बाहेरची हँडल काढून पत्रा वेल्ड केला, पुढच्या दारांना सोलेनॉइड (वीज मिळाली की सळई ओढणारी कॉइल) बसवले. रिमोट दाबला की रिलेतून (विजेवर चालणारा स्विच) १२ व्होल्ट जातात आणि लॅचची, म्हणजे दाराच्या खटक्याची, सळई ओढली जाते. डावं दार मस्त उघडतं. उजवं नुसतं 'टक' करतं. दाराच्या कडेचं नवं रबर बीडिंग जाड आहे, त्याचा लॅचवर ताण येत असावा. जास्त ताकदीचा सोलेनॉइड घ्यावा की आधी जाड वायर टाकून पाहू?

आणि बॅटरी उतरली तर? डिकीतून आत सरपटणं आईला जमणार नाही. सायकलच्या ब्रेकची केबल लॅचला बांधून चाकाच्या कमानीत लपवावी म्हणतो. कुणी केलंय का?

चालत्या गाडीत दार उघडू नये म्हणून इग्निशनला रिले कसा जोडलात, तेही सांगा.