मदत हवी आहे: जुन्या पीसीचा सी ड्राइव्ह वाढवायचा आहे, डी मधला डेटा न गमावता

नमस्कार मंडळी,

खानापुरात माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, मंडळांची पावती पुस्तकं मराठीत. पंचायतीचे अर्ज, शाळांची पत्रं, दुकानांचे बोर्ड कानडीत. मराठीसाठी जुनी श्रीलिपी, कानडीसाठी नुडी, मांडणीला पेजमेकर ७ आणि कोरल. हे सगळं एकाच जुन्या असेंबल्ड पीसीवर आहे. नेटसाठी नवीन मशीन वेगळं आहे, पण श्रीलिपीची ती जुनी आवृत्ती आणि तिच्यात केलेल्या फायली ह्या जुन्या विंडोजलाच धरून आहेत. विंडोज ७ चे अपडेट १४ जानेवारी २०२० ला बंद झाले, म्हणून ह्या पीसीला नेट जोडतच नाही.

मशीन असं आहे: कोअर टू ड्युओ, २ जीबी रॅम, विंडोज ७ ३२ बिट, ३२० जीबीची साटा हार्डडिस्क, साधा बायोस. डिस्क मॅनेजमेंट उघडलं की डावीकडून उजवीकडे असं दिसतं: सिस्टम रिझर्व्ह्ड १०० एमबी, सी ४० जीबी, डी १२० जीबी, ई १०८ जीबी आणि सगळ्यात शेवटी ३० जीबी अनअलोकेटेड, काळ्या पट्टीत. एकूण २९८ जीबी. (३२० जीबीची डिस्क विंडोजमध्ये २९८ च दिसते, तो हिशोब वेगळा, जागा कुठे गेलेली नाही.)

अडचण सी ची आहे. पट्टी लाल झाली आहे, दीड जीबीसुद्धा मोकळं नाही. कोरलमध्ये मोठी फाइल उघडली की मशीन अडतं, प्रिंट सोडली की स्पूलिंगला जागा नाही म्हणतं. शेवटी ३० जीबी रिकामी पडलेली आहे, पण सी वर राइट क्लिक केलं तर एक्स्टेंड व्हॉल्यूम फिक्कट, दाबता येत नाही. म्हटलं निदान त्या ३० जीबीचा नवीन ड्राइव्ह करून सी मधलं काही तिकडे हलवावं. न्यू सिंपल व्हॉल्यूम दिलं तर शेवटी एक चौकट आली: ही डिस्क बेसिकची डायनॅमिक होईल, पुढे जायचं का? मला ते काय आहे कळलं नाही, म्हणून नो दाबून बाहेर आलो. आतापर्यंत डिस्कवर काहीही बदललेलं नाही.

बेळगावातल्या एका दुकानात फोन केला तर म्हणाले, मशीन आणून द्या, फॉरमॅट मारून नवीन पार्टिशन करून देतो. फॉरमॅट मारून श्रीलिपी परत कोण घालणार, ह्याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. ओळखीतल्या एकाने पेन ड्राइव्हवर पार्टिशनचं सॉफ्टवेअर क्रॅकसकट दिलंय, ते मी अजून लावलेलं नाही.

माझे प्रश्न:

डी मधून २०-३० जीबी काढून सी ला देता येतील का, आणि तसं करताना डी मधला माल जागेवर राहील का? डी मध्ये आजवरच्या सगळ्या पत्रिका आणि डिझाइन आहेत. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, थोरलीच्या लग्नात केली होती तशीच पत्रिका धाकटीला करा. ती फाइल नसेल तर माझ्याकडे यायचं त्याला काही कारणच नाही.

आणि करंटचं काय करायचं? सध्या जांबोटी, कणकुंबीकडे पावसाने जोर धरला आहे. झाड पडलं, तार तुटली की इकडे लाइट जाते, कधी पाच मिनिटं तर कधी दुपारभर. दुकानात ६०० व्हीए चा यूपीएस आहे. गणपतीची कामं तोंडावर आली आहेत, तेव्हा मशीन बंद पडून चालणारच नाही.

घाई नाही, पण चुकीचं काही व्हायला नको. जाणकारांनी सांगावं.

टिळकवाडीकर:

नो दाबलंत ते फार चांगलं केलंत. तिथे यस दाबून पस्तावलेले बरेच जण बघितलेत. जुन्या बायोसच्या मशीनवर डिस्क एमबीआर पद्धतीची असते. तिच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये पार्टिशनच्या नोंदीला ६४ बाइट जागा, एका नोंदीला १६ बाइट. म्हणजे नोंदी चारच. तुमच्या विंडोजच्या सेटअपमध्येच सगळे पार्टिशन केलेले दिसतात, त्यामुळे चारही प्रायमरी झालेत आणि पाचव्याला नोंदच उरलेली नाही. तिथे विंडोज ७ डायनॅमिकचा रस्ता दाखवतं. त्या रस्त्याने गेलात की डेटा लगेच जात नाही, पण जीपार्टेडसारखी पार्टिशन लहान-मोठं करायची साधनं ते पार्टिशन नीट ओळखत नाहीत, आणि विंडोजमधून परत बेसिक करायचं तर सगळे व्हॉल्यूम पुसावे लागतात.

एक्स्टेंड फिक्कट का, तर विंडोज फक्त लगेच उजवीकडची मोकळी जागा घेतं. सी च्या उजवीकडे डी आहे. डी श्रिंक केलात तरी मोकळी जागा डी च्या शेवटी निघणार, सी ला ती चिकटत नाही. बाहेरची सॉफ्टवेअर हे करून देतात, पण त्यासाठी डी ची सुरुवात पुढे न्यावी लागते, म्हणजे आतला सगळा माल डिस्कवरच्या डिस्कवर उचलून पुढे ठेवायचा. भरल्या घरात भिंत सरकवण्यासारखं आहे ते. १०० जीबी असेल तर जुन्या डिस्कवर तास-दीड तास सहज जातो, कारण वाचणं आणि लिहिणं दोन्ही त्याच डिस्कवर. ६०० व्हीए चा यूपीएस बॅटरी नवी असतानाही दहा-पंधरा मिनिटंच ओढतो. मधेच लाइट गेली तर अर्धा डी जुन्या जागी, अर्धा नव्या जागी. तुमच्या भागात ह्या दिवसांत हे काम करू नका, सॉफ्टवेअर कितीही चांगलं असू दे.

आणि क्रॅकवालं सॉफ्टवेअर तर नकोच. डिस्कच्या पहिल्या सेक्टरवर लिहायची परवानगी आपण त्याला देणार, आणि ते कुणी बदललंय हे आपल्याला माहीत नाही.

पार्टिशनला हात न लावता सी थोडा रिकामा होतो का ते आधी बघा. हायबरनेट बंद करा, २ जीबी रॅमला तिथे दीड जीबी मिळेल. पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती फाइल) डी वर न्या, आणखी साधारण २ जीबी. सिस्टम रिस्टोअरची जागा कमी करा. माय डॉक्युमेंट्सच्या प्रॉपर्टीजमध्ये लोकेशन टॅब असतो, तिथून ते फोल्डर डी वर हलवा. कोरलच्या सेटिंगमध्ये मेमरीच्या पानावर स्वॅप डिस्क बदलता येते, तिथे ई द्या. गणपतीपर्यंत एवढ्यावर निभेल.

निपाणीकर:

वरचं सगळं बरोबर. फक्त त्याआधी एक करा, डिस्कची तब्येत बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो पेन ड्राइव्हवरून चालतं, इन्स्टॉल करायची गरज नाही. त्यात ०५ आणि सी५ ह्या दोन ओळींच्या रॉ व्हॅल्यू काय येतात ते लिहा. ०५ म्हणजे खराब झाल्यावर बदली दिलेले सेक्टर, सी५ म्हणजे डिस्कला वाचता येत नाहीत असे, निकालाची वाट बघणारे सेक्टर. सी५ शून्य नसेल तर पार्टिशनचा विषयच बाजूला ठेवायचा.

धागाकर्ता:

दोघांचे आभार. हायबरनेट आणि पेजफाइलने सी मध्ये साडेतीन जीबी मोकळं झालं, कोरल सुरळीत उघडतं आहे. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये वरची चौकट पिवळी आहे, कॉशन लिहिलंय. ०५ ला सगळे शून्य. सी५ ला शून्यांच्या रांगेत शेवटी इंग्रजी बी आहे. हा बी काय?

निपाणीकर:

तो आकडा सोळाच्या पद्धतीत दाखवतात. बी म्हणजे ११. अकरा सेक्टर वाचता येत नाहीत. ते रिकाम्या जागेत असतील किंवा एखाद्या पत्रिकेच्या फाइलमध्ये. अशा डिस्कवर डी सरकवायला घेतला असता तर लाइट न जाताही काम मधेच अडकू शकलं असतं. चेकडिस्कसुद्धा आत्ता नको, ते दुरुस्तीच्या नावाखाली डिस्कवर लिहितं आणि आजारी डिस्कला तासन् तास राबवतं.

आता असं करा. डी मधला महत्त्वाचा माल आजच बाहेरच्या यूएसबी डिस्कवर कॉपी करा. जुन्या मशीनला यूएसबी २ असणार, १०० जीबीला तासभर धरा. कॉपी झाल्यावर दहा-वीस फायली दुसऱ्या मशीनवर उघडून बघा, नुसती फोल्डरची साइज जुळली म्हणून थांबू नका.

मग ४८० जीबीचा साटा एसएसडी घ्या. २४० चा स्वस्त पडतो पण घेऊ नका, डिस्क जशीच्या तशी उतरवायची तर नवीन डिस्क निदान तेवढी मोठी लागते. नवीन मशीनवर सिस्टमरेस्क्यूचा (पेन ड्राइव्हवरून चालणारी लिनक्स) पेन ड्राइव्ह तयार करा. त्यात जीपार्टेड आणि खराब डिस्कची प्रत काढणारं डीडीरेस्क्यू दोन्ही असतात. मशीन त्या पेन ड्राइव्हवरून चालू करून डीडीरेस्क्यूने जुनी डिस्क एसएसडीवर उतरवायची.

तुमच्याकडच्या करंटला हेच काम योग्य. डीडीरेस्क्यू कुठपर्यंत आलो ह्याची मॅप फाइल ठेवतं. लाइट गेली तर परत तीच कमांड द्यायची, ते पुढून सुरू करतं. मात्र ती मॅप फाइल दुसऱ्या एका पेन ड्राइव्हवर ठेवा, सिस्टमरेस्क्यू रॅममध्ये चालतं, तिथे ठेवलेलं लाइटबरोबर जातं. जुन्या डिस्कवर काहीच लिहिलं जात नाही, त्यामुळे बिघडलंच तर एसएसडीवरची प्रत बिघडेल, मूळ आहे तशी राहील.

एकच ठिकाण जिवावरचं आहे: कमांडमध्ये आधी जुनी डिस्क, मग नवीन. उलट झालं तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते, आणि त्यातून परत येणं नाही. एसडीए, एसडीबी ह्या नावांवर विसंबू नका, ती प्रत्येक वेळी बदलू शकतात. डिस्कची यादी काढा, जिच्यापुढे २९८.१ आहे ती जुनी आणि ४४७.१ आहे ती नवीन. कागदावर लिहून घ्या आणि एंटर मारण्याआधी दुसऱ्या कुणाला तरी वाचायला सांगा.

टिळकवाडीकर:

दादा, निपाणीकरांनी सांगितलंय तसंच करा. दोन-तीन गोष्टी माझ्याकडून.

श्रीलिपीचं लॉक डोंगलवर (सॉफ्टवेअर चालायला मशीनला लावायची छोटी चावी) आहे की इन्स्टॉल करताना डिस्कच्या नंबरवरून घेतलेलं आहे, ते बघा की एकदा. डोंगल असेल तर डिस्क बदलून फरक पडत नाही.

बायोसमध्ये साटा मोड आयडीई असेल तर तो तसाच राहू द्या. एसएसडी आहे म्हणून कुणी एएचसीआय हा दुसरा मोड करायला सांगेल. विंडोज ७ मध्ये ड्रायव्हर आधी चालू न करता ते बदललं की निळा पडदा येतो.

सिस्टम इन्फर्मेशनमध्ये डिस्कच्या खाली पार्टिशन स्टार्टिंग ऑफसेट बघा. १०,४८,५७६ असेल तर उत्तम. ३२,२५६ असेल तर ते एक्सपीच्या काळचं ६३ व्या सेक्टरवरून सुरू होणारं पार्टिशन आहे, चालतं पण एसएसडीवर मंद चालतं.

प्रत उतरल्यावर सी वाढवायला डी सरकवूच नका. डी चा माल यूएसबी डिस्कवर आहेच. एसएसडीवरचा डी डिलीट करा, सी ला उजवीकडची ४० जीबी द्या, उरलेल्या जागेत नवीन ड्राइव्ह करा. विंडोज तो एक्स्टेंडेडमध्ये (एकाच नोंदीत अनेक ड्राइव्ह मावतात असं पार्टिशन) लॉजिकल करेल, करू द्या, त्याने डायनॅमिक होत नाही. त्याला अक्षर डी च द्या. पेजमेकरमध्ये बसवलेल्या फोटोंचे दुवे ड्राइव्हच्या नावासकट असतात, अक्षर बदललं तर प्रत्येक पत्रिका उघडताना गणपतीचं चित्र कुठे आहे म्हणून विचारत बसेल. पेजफाइल डी वर नेली आहे ना, डी डिलीट करण्याआधी ती ई वर करून मशीन रीस्टार्ट करा, नाहीतर डी डिलीट होणार नाही.

धागाकर्ता:

डोंगलच आहे, यूएसबीचं. ऑफसेट १०,४८,५७६ आहे. साटा मोड आयडीई, तो तसाच ठेवतो. डी ची कॉपी झाली, जुन्यातल्या जुन्या पत्रिका नवीन मशीनवर उघडून बघितल्या. त्यात एक लग्नपत्रिकेची फाइल कॉपीच होत नाही, तिथे येऊन अडकतं. ती वगळून बाकीचं घेतलं. एसएसडी उद्या आणतो. उतरवून झाल्यावर दोन्ही डिस्क जोडलेल्या ठेवून मशीन चालू केलं तर चालेल का?

निपाणीकर:

नाही. पहिल्यांदा विंडोज चालू कराल तेव्हा जुन्या डिस्कची केबल काढलेली हवी. दोन्हीवर डिस्क सिग्नेचर (विंडोज डिस्क ओळखतं तो नंबर) एकच असते, त्यामुळे विंडोज एकीला ऑफलाइन टाकतं किंवा ड्राइव्हची अक्षरं अदलाबदल करतं. एसएसडी जुन्या डिस्कच्याच साटा पोर्टवर लावा. जुनी डिस्क तारीख लिहून कपाटात ठेवा, फॉरमॅट करून वापरायला काढू नका. ती अडकलेली पत्रिका डीडीरेस्क्यूच्या शेवटच्या फेरीत वाचली जाण्याची शक्यता आहे, म्हणून त्या वेळी मशीन रात्रभर चालू राहिलं तरी मधेच थांबवू नका.